जुन्या लष्करी जेटच्या मागच्या सीटवर बसण्याआधी

शिडीच्या वरच्या पायरीवरून कॉकपिटमध्ये डोकावलं की आधी डोळ्यांत भरतो तो तिथला अरुंदपणा. बाहेरून एवढं मोठं दिसणारं विमान, आणि आत खांद्यांना जेमतेम पुरेल एवढीच जागा. केरोसीन, जुनं रबर आणि तापलेला धातू यांचा मिसळलेला वास. सीटच्या कडेला लाल फितीची पिन लोंबत असते. खालून मेकॅनिक ओरडून सांगतो, "पाय सीटवर ठेवा, लाल रंगाच्या कशालाही हात लावू नका." मनात दहा प्रश्न असतात, पण मागे ताटकळणाऱ्या माणसांकडे बघून आपण एकही विचारत नाही.

पैसे भरून जुन्या लष्करी जेटमधून मारायच्या अशा फेरीला मी दोनदा गेले, दोन्ही वेळा एल-३९ अल्बाट्रॉसमधून. पहिली फेरी अर्ध्यावर सोडावी लागली. विमान ठणठणीत होतं, वैमानिक अनुभवी होता. मी एक गोष्ट त्याच्यापासून लपवली होती. दुसरी फेरी मात्र डोळे मिटले की आजही जशीच्या तशी समोर येते. या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात जे विचारलं, वाचलं आणि शिकले, ते क्रमाने सांगते. एवढी माहिती मला पहिल्या वेळी कुणी दिली असती तर ती फेरी वाया गेली नसती.

१. विमान निवडा, आणि पहिल्या वेळी ट्रेनरच निवडा

खासगी मालकीची जी लष्करी जेट आज उडतात, त्यातली बहुतेक प्रशिक्षण विमानं आहेत. दोन सीट, दोघांसमोर नियंत्रणं, आणि नवशिक्याच्या चुका पोटात घालणारा स्वभाव. जगात सगळ्यात सहज भेटणारं म्हणजे एल-३९. चेकोस्लोव्हाकियातल्या एअरो कारखान्याचं हे विमान ४ नोव्हेंबर १९६८ रोजी पहिल्यांदा उडालं आणि सुमारे २,९०० बनली. सोव्हिएत गटातल्या बहुतेक देशांचे वैमानिक यावर घडले. शीतयुद्ध संपल्यावर यातली बरीच विमानं विकायला निघाली, म्हणून आज ती जगभर दिसतात. त्याचा थोरला भाऊ एल-२९ डेल्फिन, १९५९चा.

त्याशिवाय लॉकहीडचं टी-३३ आहे. ते १९४८चं, आणि साडेसहा हजारांहून जास्त बनलेलं. फ्रान्सचं फुगा मॅजिस्टर १९५२चं. त्याची इंग्रजी 'व्ही'सारखी शेपटी लांबूनही ओळखू येते. ब्रिटिश जेट प्रोव्होस्ट आणि व्हँपायर टी.११ या दोन्हींत वैमानिक आणि प्रवासी शेजारी-शेजारी बसतात. व्हँपायरचा कॉकपिटचा भाग तर प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचा आहे.

शेजारी बसायचं की मागे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. शेजारच्या सीटवर वैमानिकाचे हात दिसतात, चेहरा दिसतो, भीती निम्मी होते. मागच्या सीटवर समोर फक्त त्याचं हेल्मेट, पण दोन्ही बाजूंना आकाश मोकळं. एल-३९ची मागची सीट मूळची शिक्षकाची, त्यामुळे पुढच्यापेक्षा उंच आहे आणि समोरचंही बऱ्यापैकी दिसतं. बंद जागेत जीव घाबरत असेल तर शेजारी-शेजारी सीट असलेलं विमान बघा.

मिग-१५ची दोन सीटची आवृत्ती किंवा हंटर टी.७ ही नावं ऐकून मोह होतो. माझं ऐकाल तर पहिल्या फेरीला नको. लढाऊ जातीची विमानं जास्त वेगाने उतरतात आणि चुकीला कमी जागा देतात. शिवाय शरीर कसं वागेल हे अजून तुम्हालाच माहीत नसतं.

२. कायद्याच्या लेखी तुम्ही कोण, ते समजून घ्या

या विमानाकडे प्रवासी विमानासारखं नेहमीचं उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र नसतं. ते नागरी नियमांप्रमाणे बनवलेलंच नाही. अमेरिकेत अशी जेट बहुधा 'एक्सपेरिमेंटल' गटात नोंदवतात आणि कॉकपिटच्या प्रवेशापाशी तो शब्द ठळक लिहावा लागतो. ब्रिटनमध्ये ती 'परमिट टू फ्लाय'वर उडतात. ऑस्ट्रेलियात त्यांच्यासाठी 'लिमिटेड' गट आहे, तर न्यूझीलंडमध्ये पैसे घेऊन अशी फेरी देणाऱ्यांना 'अ‍ॅडव्हेंचर एव्हिएशन'चे वेगळे नियम लागू होतात.

सगळीकडे गाभा एकच: हे विमान प्रवासी वाहतुकीच्या सुरक्षा-दर्जाचं नाही, हे तुम्हाला आधी सांगितलं गेलं पाहिजे आणि ते समजून तुम्ही होकार दिला पाहिजे. म्हणून जो कागद तुमच्यासमोर सहीसाठी येतो तो नुसता उपचार समजू नका. तो घरी, शांतपणे, पूर्ण वाचा. तो आदल्या आठवड्यात पाठवा अशी मागणी करा. विमानतळावर, विमान समोर उभं असताना, कुणीही नीट वाचत नाही. मीही पहिल्या वेळी वाचला नव्हता.

नियम बदलत राहतात, आणि त्यामागे बहुधा एखादा अपघात असतो. २२ ऑगस्ट २०१५ला इंग्लंडमधल्या शोरहॅमच्या एअर शोमध्ये एक हॉकर हंटर टी.७ लूप, म्हणजे हवेत उभा गोल वळसा, मारताना खाली रस्त्यावर कोसळलं आणि ११ जणांचा जीव गेला. त्यानंतर तिथे हंटरची उड्डाणं थांबवली गेली आणि जुन्या जेटच्या कसरतींवर कडक बंधनं आली. त्यामुळे चार-पाच वर्षांपूर्वीचा कुणाचा अनुभव वाचून बेत आखू नका. ज्या देशात उडायचं आहे तिथल्या हवाई नियामकाच्या संकेतस्थळावर आजचा नियम बघा.

३. पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा

पुष्कळदा जाहिरात एकाची आणि विमान दुसऱ्याचं असतं. मधला माणूस फक्त बुकिंग घेतो. म्हणून पहिला प्रश्न: विमान कोण चालवतं, म्हणजे त्याची देखभाल आणि उड्डाण कोण सांभाळतं (त्यालाच पुढे मी 'चालक' म्हणते), आणि त्यांच्याशी मी थेट बोलू शकते का? इथे टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

मग पुढचं:

- वैमानिकाचे याच प्रकारच्या विमानावर किती तास झालेत? एकूण तास हजारो असतील, पण या विमानावरचे आणि गेल्या तीन महिन्यांतले किती?
- इजेक्शन सीट, म्हणजे संकटात माणसाला सीटसकट विमानाबाहेर फेकणारी यंत्रणा, चालू आहे की निकामी केलेली? तिथल्या बोलीत 'हॉट' की 'कोल्ड'? हॉट असेल तर तिच्या स्फोटक काडतुसांची मुदत कधी संपते? कोल्ड असेल तर बाहेर पडायची सोय काय, पॅराशूट मिळणार का?
- 'तीस मिनिटं' म्हणजे चाकं जमिनीवरून उचलल्यापासून तीस, की इंजिन सुरू झाल्यापासून?
- हवामान बिघडलं तर पैसे परत, की नवी तारीख? विमान नादुरुस्त झालं तर?
- किती 'जी'पर्यंत जाणार (१ जी म्हणजे आपलं नेहमीचं वजन, ४ जी म्हणजे त्याच्या चारपट), आणि ते मी ठरवू शकते का?

सीटबद्दलचा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, समोरच्याचा अपमान होईलसं वाटतं. विचाराच. २००९ साली दक्षिण आफ्रिकेत एका एअर शोमध्ये जुन्या लायटनिंग जेटला आग लागली. कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, सुटली नाही आणि वैमानिकाला इजेक्ट होता आलं नाही. जीव वाचवणारी यंत्रणासुद्धा विमानाइतकीच जुनी असते. चांगला चालक या प्रश्नाने खूश होतो. माझ्या दुसऱ्या फेरीच्या माणसाने तर सरळ देखभालीची वही उघडून काडतुसांच्या तारखांवर बोट ठेवलं. पैसे भरायचे की नाही, हे मी त्या क्षणी ठरवलं.

वेळेचा सापळाही लक्षात ठेवा. इंजिन सुरू करणं, धावपट्टीपर्यंत जाणं, तिथे थांबणं यात दहा-बारा मिनिटं सहज जातात. हिशोब इंजिनापासूनचा असेल तर हवेतला वेळ तेवढा कमी होतो.

४. कागदपत्रं

जवळ ठेवायचं ते असं:

- पासपोर्ट किंवा फोटो असलेलं ओळखपत्र. बऱ्याच धावपट्ट्या लष्कराच्या किंवा विमानतळाच्या कुंपणाच्या आत असतात, नाव आधी कळवावं लागतं. स्पेलिंग ओळखपत्राप्रमाणेच द्या.
- डॉक्टरांचं प्रमाणपत्र, चालकाने दिलेल्या नमुन्यात.
- सही केलेलं जोखीम-संमतिपत्र, आणि त्याची एक प्रत तुमच्याकडे.
- खरं वजन आणि उंची. वजन कपडे-बुटांसह. इजेक्शन सीटला किमान आणि कमाल वजनाची मर्यादा असते. मांडी जास्त लांब असेल तर बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या चौकटीला आपटू शकतात. दोन-चार किलो कमी सांगण्यात काही शहाणपण नाही.
- विमा. बहुतेक आयुर्विमा आणि प्रवासविमा नियमित प्रवासी विमानसेवेतल्या प्रवाशालाच संरक्षण देतात. अशी फेरी त्यातून वगळलेली असते. विमा कंपनीला विमानाचा प्रकार सांगून लेखी उत्तर मागा.

५. तब्येतीबद्दल काहीही लपवू नका

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे थोडं थांबते.

रक्तदाब, हृदयविकार, फिट्स, गरोदरपण, हर्निया, मान किंवा कंबरेचं दुखणं, अलीकडची शस्त्रक्रिया, डोळ्याच्या पडद्याचा त्रास, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तारीख घेऊ नका. डॉक्टरांना नुसतं "विमानात बसायचं आहे" असं सांगितलंत तर ते हो म्हणतील. त्यांना सांगा की शरीरावर चारपट वजन येणार आहे, मधेच काही क्षण वजन नाहीसं होणार आहे, आणि इजेक्शन झालंच तर मणक्याला एका झटक्यात बारा ते वीसपट भार बसू शकतो. स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान २४ तास उडू नका. रक्तदान केलं असेल तर काही दिवस जाऊ द्या.

आता सर्दी. माझ्या पहिल्या फेरीच्या तीन दिवस आधी मला सर्दी झाली. तारीख चार महिने आधी मिळालेली. फॉर्मवर 'सध्या सर्दी, ताप?' या प्रश्नासमोर मी 'नाही'वर खूण केली. वर जाताना काहीच जाणवलं नाही. खाली येताना उजव्या कानात दडा बसला, आणि मग कुणी विणकामाची सुई आत सारतंय असं वाटायला लागलं. गिळून पाहिलं, नाक दाबून फुंकून पाहिलं, काही उपयोग नाही. शेवटी इंटरकॉमवर सांगितलं. वैमानिकाने एक शब्दही न बोलता विमान परत वर नेलं, दुखणं ओसरलं. मग अगदी हळूहळू, टप्प्याटप्प्याने तो खाली आला. कसरती तिथेच संपल्या. पडद्यामागे रक्त साचलं होतं, कान मोकळा व्हायला काही आठवडे लागले.

असं का होतं ते समजून घ्या. कानाच्या पडद्यामागची हवा नाकामागे उघडणाऱ्या एका बारीक नळीतून ये-जा करते. वर जाताना आतली हवा प्रसरण पावते आणि आपसूक बाहेर पडते. खाली येताना बाहेरून आत जायला मात्र नळी उघडावी लागते, आणि सर्दीत ती सुजलेली असते. त्यात जमिनीजवळची हवा दाट, त्यामुळे शेवटच्या हजार-दीड हजार मीटरमध्ये दाब सगळ्यात झपाट्याने बदलतो. चढताना बरं वाटलं यावरून उतरताना बरं वाटेल असं समजू नका. नाक बंद असेल तर तारीख पुढे ढकला. चांगला चालक यासाठी दंड घेत नाही. घेत असेल तर तो मुद्दा तिसऱ्या टप्प्यातल्या प्रश्नांतच विचारून ठेवा.

६. आदला दिवस आणि ती सकाळ

दारू चोवीस तास आधी बंद. रात्रीची झोप पूर्ण. पाणी भरपूर प्या, कारण अंगात पाणी कमी असलं की जी-बल सहन करायची ताकद कमी होते. उपाशीपोटी जाऊ नका. "रिकामं पोट म्हणजे मळमळ नाही" हा गैरसमज मी बऱ्याच जणांकडून ऐकला. प्रत्यक्षात रिकाम्या पोटी चक्कर लवकर येते. दोन तास आधी हलकं, कमी तेलाचं, ओळखीचं खा. मळमळीची गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि एकदा घरी घेऊन बघा. काही गोळ्यांनी डोळे जड होतात.

कपडे सुती. नायलॉन आणि पॉलिस्टर आगीत वितळून कातडीला चिकटतात, म्हणून आतले कपडेसुद्धा सुतीच. बूट बंद, लेसचे, पातळ तळव्याचे. केस लांब असतील तर मानेपाशी खाली बांधा. वर अंबाडा घातला तर हेल्मेट बसत नाही. कानातलं, गळ्यातलं, अंगठ्या, घड्याळ सगळं काढून ठेवा. दाढी असेल तर ऑक्सिजन मास्क नीट बसतो का ते आधी तपासून घ्या.

खिसे पूर्ण रिकामे. ही सूचना सगळे ऐकतात आणि निम्मे विसरतात. फेब्रुवारी २०१४मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या व्हॉयेजर विमानात वैमानिकाचा कॅमेरा आर्मरेस्ट आणि कंट्रोल स्टिकच्या, म्हणजे विमान वळवायच्या दांडीच्या, मधे अडकला आणि विमान ४,४०० फूट खाली कोसळत गेलं, मग सावरलं. ते एवढं मोठं विमान. तुमच्या जेटमध्ये तर तुमच्या दोन पायांच्या मधली स्टिक पुढच्या स्टिकला दांड्यांनी जोडलेली असते. पडलेला फोन जाऊन बसतो तो नेमका तिच्या बुडाशी. फोन खालीच ठेवा. विमानात पक्का बसवलेला कॅमेरा असेल तर त्याचं चित्रण मागून घ्या.

७. ब्रीफिंग आणि इजेक्शन सीट

ब्रीफिंग घाईत उरकलं जात असेल तर थांबवा. साधारण अर्धा-पाऊण तास तरी लागतो, आणि त्यातला मोठा भाग सीटवर खर्च झाला पाहिजे.

सीट हॉट असेल तर चार गोष्टी न अडखळता तोंडपाठ सांगता आल्या पाहिजेत: हँडल कुठे आहे, कुठल्या शब्दावर ओढायचं, ओढताना अंग कसं ठेवायचं, आणि दोघांपैकी आधी कोण बाहेर जातो. बहुतेक सीटवर हँडल दोन मांड्यांच्या मधे असतं. काही जुन्या ब्रिटिश सीटना डोक्यावर, तोंडावर पडदा ओढून घ्यायचं आणखी एक असतं. पाठ ताठ, डोकं मागे टेकलेलं, हनुवटी किंचित वर, कोपर अंगालगत. मान वाकलेली असताना सीट सुटली तर इजा मानेला आणि मणक्याला होते. सीटच्या मर्यादाही विचारा. एल-३९च्या मूळ सीटला विमानाचा किमान ताशी १५० किलोमीटर वेग लागतो, म्हणजे उभ्या विमानातून ती वाचवत नाही. तेव्हा जमिनीवर आग लागली तर शिडीशिवाय खाली कसं उतरायचं हेही एकदा प्रत्यक्ष करून बघा.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर मार्च २०१९मध्ये फ्रान्सच्या सेंट-डिझिए तळावर काय झालं ते ऐका. ६४ वर्षांच्या एका गृहस्थांना सहकाऱ्यांनी राफालमधल्या फेरीची अचानक भेट दिली. विमान लढाऊ आणि अत्याधुनिक होतं, पण प्रवासी तुमच्या-माझ्यासारखाच नवखा. चौकशीत दिसलं की पट्टे सैल होते आणि हेल्मेट-मास्क नीट बांधलेले नव्हते. डॉक्टरांनी उलटं जी-बल टाळायला सांगितलं होतं. टेक-ऑफनंतर विमान उंच चढलं, वैमानिकाने नाक सपाट केलं तेव्हा उणे ०.६ जी आला. गृहस्थ सीटवरून वर उचलले गेले. आधारासाठी हाताला जे लागलं ते त्यांनी घट्ट धरलं. ते इजेक्शनचं हँडल होतं. ते बाहेर फेकले गेले आणि थोडक्यात बचावले. वैमानिकाची सीट बिघाडामुळे सुटली नाही, म्हणून तो विमान घेऊन खाली येऊ शकला.

मला यात त्या गृहस्थांचा दोष दिसत नाही. सरप्राइज असल्यामुळे त्यांना मनाची तयारी करायला वेळच मिळाला नाही, आणि इतक्या थाटामाटात "मला नको" म्हणणं कुणालाही जड जातं. म्हणूनच विनंती: अशी फेरी कुणालाही सरप्राइज म्हणून देऊ नका.

ही घटना कळल्यापासून मी एक सवय लावून घेतली. हात कुठे ठेवायचे ते आधीच विचारते आणि संपूर्ण वेळ तिथेच ठेवते. मांडीवर, तळवे खाली.

८. पट्टे

मेकॅनिक बांधून देतो, पण ओढून शेवटचं घट्ट करणं तुमच्या हातात असतं. आधी कमरेचा पट्टा, हाडावर, पोटावर नाही. तो इतका आवळा की पार्श्वभाग सीटला चिकटल्यासारखा वाटला पाहिजे. मग खांद्यांचे. श्वास सोडून ओढा. जमिनीवर 'जरा जास्तच घट्ट' वाटलं तर वर बरोबर असतो. टेक-ऑफच्या आधी एकदा पुन्हा ओढा, कारण तोवर अंग सीटमध्ये बसतं आणि बोटभर ढिलाई येते. ती बोटभरच महागात पडते.

हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा, मास्कचे दोन्ही हुक, व्हायझर, म्हणजे हेल्मेटची काच, खाली. मास्क एका हाताने काढता येतो का ते तीन-चारदा करून बघा. उलटी आली तर आधी मास्क निघाला पाहिजे. पिशवी कुठल्या खिशात आहे ते हाताने चाचपून ठेवा.

९. हवेत

कॅनोपी बंद होऊन लॉक लागला की बाहेरचं जग एकदम दूर जातं. एल-३९मध्ये आधी एक छोटं सहायक इंजिन किरकिरत सुरू होतं, त्याच्या दाबावर मुख्य इंजिन फिरायला लागतं, आणि पाठीमागून बारीक शीळ चढत जाते. टेक-ऑफला धक्का बसेल अशी माझी अपेक्षा होती. तसं होत नाही. जुनी जेट सावकाश वेग घेतात. एक लांब, न थांबणारा रेटा असतो, आणि कधी जमीन सुटली ते चाकांची खडखड थांबल्यावर कळतं.

पहिली दहा मिनिटं सरळ उडायला सांगा. सवय होऊ द्या. मग एक सौम्य वळण, २ जीचं. मग पुढचं.

जी-बल म्हणजे काय ते शरीराच्या भाषेत सांगते. तुमचं वजन ६० किलो असेल तर ४ जीला ते २४० किलो लागतं. हेल्मेटसकट डोकं साडेसहा किलो धरलं तर मानेवर २६ किलो. म्हणून नियम: वळण सुरू होण्याआधी बघायचं तिकडे मान वळवून ठेवा, मधे हलवू नका. मागे वळून शेपटी बघायचा मोह तर अजिबात नको, मान लचकते.

हृदयापासून डोळे साधारण ३० सेंटीमीटर वर असतात. प्रत्येक जादा जीला डोळ्यांच्या पातळीवरचा रक्तदाब पाऱ्याच्या २०-२५ मिलिमीटरने उतरतो. डोळ्यात स्वतःचाही दाब असतो, त्यामुळे रक्त आधी डोळ्यांना कमी पडतं आणि मेंदूला नंतर. याचा आपल्याला फायदा होतो. आधी रंग फिके पडतात, मग कडा काळ्या होत बोगद्यातून बघितल्यासारखं दिसतं. ही सूचना आहे. दिसल्याबरोबर "रंग गेले" म्हणा. वैमानिक स्टिक सैल करतो आणि दोन सेकंदांत सगळं परत येतं. न सांगता सहन करत बसलात तर पुढची पायरी बेशुद्धीची. आणि बल फार झटक्यात आलं तर मधली सूचना मिळतही नाही. म्हणून वैमानिकाला प्रत्येक कसरतीआधी "तीन, दोन, एक" म्हणायला सांगा.

त्या मोजणीत तुमचं काम: पोटऱ्या, मांड्या, पार्श्वभाग आणि पोट, खालून वर या क्रमाने आवळायचे. मोठा श्वास घेऊन घसा बंद करून छाती दाबायची. दर तीन सेकंदांनी झटकन थोडी हवा बदलायची आणि पुन्हा दाबायचं. बल यायच्या आधी सुरू करायचं. घरी खुर्चीत बसून आठवडाभर सराव करा. रक्तदाब असेल तर हेही डॉक्टरांना विचारून.

मळमळीचं एकच गुपित मला उपयोगी पडलं, ते म्हणजे क्षितिज. डोळे आणि आतला कान यांच्या साक्षी जुळेनाशा झाल्या की पोट ढवळतं. क्षितिजावर नजर ठेवली की त्या पुन्हा जुळतात. तोंडात पाणी सुटणं, वरच्या ओठावर घाम, अचानक जांभई ही पहिली खूण. तेव्हाच सांगा आणि पाच मिनिटं सरळ उडा. नंतर सांगून उपयोग नसतो.

दुसऱ्या फेरीत मी दोन वेळा "थांबा" म्हटलं. दोन्ही वेळा वैमानिकाने लगेच पंख सपाट केले आणि शांतपणे विचारलं, पुढे जायचं का. तिसऱ्या वेळी लूपच्या माथ्यावर इंजिनाचा आवाज मंदावला, अंग पिसासारखं झालं, आणि कॅनोपीतून डोक्याच्या वर शेतं दिसली. मी मान मागे टाकून बघत राहिले. त्या तीन-चार सेकंदांसाठी मी पुन्हा जाईन.

१०. उतरताना आणि उतरल्यावर

खाली येताना दुखायची वाट न बघता, सुरुवातीपासूनच दर थोड्या वेळाने गिळत राहा. गरज पडली तर नाक दाबून हलकेच फुंका, जोर लावू नका. जुन्या जेटची इंजिनं थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा, पुढे केल्यावर पूर्ण ताकद द्यायला कित्येक सेकंद घेतात, म्हणून वैमानिक लँडिंगच्या वेळी इंजिन बरंच चढतं ठेवतो आणि पूर्ण लक्ष तिथे देतो. धावपट्टीकडे वळल्यापासून चाकं टेकेपर्यंत काही धोक्याचं दिसल्याशिवाय बोलू नका.

त्या दिवशी स्वतः गाडी चालवत परत जायचा बेत ठेवू नका. डोकं तासभर तरी हलकं राहतं. कान, छाती किंवा मान दोन दिवसांनंतरही दुखत असेल तर डॉक्टरांकडे जा आणि नेमकं कशात बसला होतात ते सांगा.

आणि विमान थांबल्या-थांबल्या पट्टे सोडायची घाई करू नका. सगळ्यांनाच ती होते. खाली माणसं हात हलवत असतात, कुणी फोटो काढत असतं. पिन लागेपर्यंत सीट अजून जिवंत असते, म्हणजे हँडल ओढलं गेलं तर सुटू शकते. मेकॅनिक शिडी लावून वर येईल, तुमच्या खांद्यावरून वाकून लाल फितीची पिन जागेवर सरकवेल आणि "पिन आत" असं मोठ्याने म्हणेल. ते ऐकू येईपर्यंत हात मांडीवर, तळवे खाली.